कार्डाला पाणी, खोलीला घाम

मे महिन्यात रात्री अकरा वाजता भिवंडीत खिडकी उघडली, तर आत गार हवा येत नाही. यंत्रमागांचा खडखडाट येतो, गरम वारा येतो आणि त्याच्याबरोबर कापसाचे डोळ्यांना न दिसणारे तंतू येतात. त्याच खिडकीखाली टेबलावर एक छोटुकला डेस्कटॉप चालू असतो. आतलं ग्राफिक्स कार्ड ८३ अंशांवर गेलेलं, पंखे मिक्सरसारखे किंचाळतायत, ब्लेंडरमधलं रेंडर निम्म्यावर अडकलंय आणि भिंतीकडे तोंड करून झोपलेली आई म्हणते, "बंद कर रे ते आता!" अशा वेळी ज्याच्या डोक्यात 'लिक्विड कूलिंग' हे दोन शब्द येत नाहीत, तो संतच म्हणायचा.

तर दोस्तांनो, आज कार्डाला पाणी देण्याबद्दल. आधीच सांगून टाकतो, मी या उद्योगाच्या विरोधात नाही. कॅबिनेट उघडून बसलेल्या पोराला घरात "नसते शौक" ऐकावं लागतं, त्या पोराच्याच बाजूने मी आहे. पण व्हिडिओत दिसणाऱ्या निळ्या-जांभळ्या नळ्या बघून जे गणित मांडलं जातं, ते भिवंडीच्या खोलीत चुकतं. ते कुठे चुकतं हे कळलं, तर पैसेही वाचतील आणि कार्डही.

छोटं कॅबिनेट ही आपल्याकडे फॅशन नाही, गरज आहे. दहा बाय दहाच्या खोलीत कपाट, पलंग, शिलाई मशीन आणि देव्हारा झाल्यावर जी जागा उरते, तीच कॉम्प्युटरची. म्हणून अवघ्या १७० मिलिमीटर लांबी-रुंदीचा मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड आणि कूलर मास्टरच्या एनआर२०० सारखं कॅबिनेट. ते साधारण १८ लिटरचं आहे, म्हणजे घरी पाण्याचा २० लिटरचा जार येतो ना, त्याच्याहून लहान. आणि त्यात आपण बसवतो १७० वॅटचं आरटीएक्स ३०६० किंवा २२० वॅटचं ३०७०. कुणी लग्नाचे व्हिडिओ एडिट करून स्वतःची फी भरतो, कुणी कापडाची डिझाइन काढतो, कुणी घरच्या घरी एआयचं छोटं मॉडेल चालवून बघतो. गेम खेळणारेही आहेत आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

कार्ड जी वीज खातं, ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. एनव्हिडियाच्या अनेक कार्डांना कारखान्यातूनच ८३ अंशांचं लक्ष्य दिलेलं असतं. तिथे पोहोचलं की कार्ड पंखे वाढवतं आणि तेवढ्याने भागलं नाही, तर स्वतःचा वेग कमी करतं. म्हणजे ज्या वेगासाठी पैसे मोजले, तो उन्हाळ्यात मिळतच नाही. २०० वॅटची उष्णता हवेने वाहून न्यायची आणि हवा फक्त दहा अंशांनी तापू द्यायची, तर सेकंदाला साधारण सतरा लिटर हवा कार्डावरून गेली पाहिजे. म्हणजे अख्ख्या कॅबिनेटमधली हवा दर सेकंदाला जवळपास पूर्ण बदलायची. पाण्याचं तसं नाही. मिनिटाला एक लिटर पाणी फिरवलं, तरी तीच २०० वॅटची उष्णता पोटात घेऊन ते तीन अंशसुद्धा तापत नाही. सायकलवरून न्यायचा माल टेम्पोत भरावा, एवढा हा फरक. म्हणून पाण्याचा मोह खोटा नाही.

पण टेम्पो माल घेऊन जातो कुठे? व्हिडिओवाले इथे कॅमेरा बंद करतात. पाणी उष्णता संपवत नाही, ती फक्त कार्डावरून उचलून रेडिएटरमध्ये नेऊन टाकतं. रेडिएटरचे पंखे ती खोलीत सोडतात. आणि खोलीत तुम्ही आहात. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. कार्ड, प्रोसेसर आणि बाकी सगळं मिळून कॉम्प्युटर ३०० वॅट खात असेल, तर रात्रभर रेंडर लावणं म्हणजे त्या दहा बाय दहामध्ये तीन पाहुणे जास्तीचे झोपवणं. लिक्विड कूलिंग लावलं म्हणून यातला एकही पाहुणा कमी होत नाही. उलट पंपाचे काही वॅट वाढतात. आईला आवाज कमी ऐकू येईल, उकाडा मात्र तेवढाच राहील.

दुसरी गोष्ट, साध्या रेडिएटरमधलं पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही. बंगळुरूच्या एसी स्टुडिओत २४ अंशांना कुणी कार्ड ५५ वर आणून दाखवलं, तर आपल्याकडे ३६ अंशांच्या खोलीत तोच जुगाड ६७ च्या आसपास जाणार. कंपनी तीच, नळ्या त्याच, फरक फक्त खोलीचा. त्यामुळे कुणी "माझं तापमान एवढं" असं सांगितलं, की आधी विचारा, "खोलीचं किती होतं?" याचं उत्तर न देणाऱ्याचा आकडा कचऱ्यात टाकायचा.

मग मोठी मंडळी पाणी का वापरतात? वापरतात खरी. पुण्यात आयसरमध्ये २०१९ साली 'परम ब्रह्म' हा महासंगणक सुरू झाला, त्यात थेट सर्व्हरच्या चिपवरून पाणी फिरवून उष्णता ओढून घेण्याची पद्धत आहे. त्याआधी, १९८५ मध्ये अमेरिकेत क्रे-२ नावाचा महासंगणक आला. त्याचे सर्किट बोर्ड चक्क वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवलेले असायचे. (याच क्रे कंपनीचं हवं ते यंत्र भारताला मिळेना, म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये आपला 'परम ८०००' आला. ही गोष्ट स्पर्धा परीक्षेवाल्यांना पाठ असेल, बाकीच्यांनी एकदा वाचून काढा.) पण अशा ठिकाणी पाणी आपल्याकडची उष्णता इमारतीबाहेरच्या यंत्रणेला देऊन येतं, कॉम्प्युटर असलेल्या दालनात नाही. आपला रेडिएटर मात्र आपल्याच गुडघ्यापासून वीतभर अंतरावर फुंकर मारत असतो.

आता भिवंडीचा खास प्रश्न, कापूस. ज्यांची घरं कारखान्यांना लागून आहेत, त्यांना सांगायला नको. मागच्या वर्षी एका ओळखीच्या मुलाचं मशीन "खूप तापतंय, वॉटर कूलिंगच करू" म्हणून माझ्यासमोर आलं. घराच्या मागच्या भिंतीला लागूनच लूमचा कारखाना. कार्डाचे पंखे काढले, तर पंखे आणि हीटसिंक यांच्यामध्ये राखाडी रंगाचा एक थर होता. धूळ म्हणाल तर धूळ नाही, ती चक्क कापसाची गोधडी होती. चिमट्याने उचलली, तर एका तुकड्यात निघाली. आम्ही ती टेबलावर ठेवून दोन मिनिटं नुसते बघत बसलो. ब्लोअर मारला, पत्र्या ब्रशने साफ केल्या, वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. त्याच संध्याकाळी तेच रेंडर पंखे न किंचाळता पूर्ण झालं. पाण्याचा बेत बारगळला आणि ते पैसे एसएसडीवर गेले.

हे यासाठी सांगितलं की रेडिएटरच्या पत्र्या कार्डाच्या हीटसिंकपेक्षाही दाट असू शकतात. त्यांच्यात तंतू अडकायला वेळ लागत नाही. ज्या गोधडीने हवेचं कूलिंग मारलं, तीच पाण्याचंही मारणार, फक्त आतल्या पाण्यामुळे तापमान जरा उशिरा चढेल आणि तुम्हाला उशिरा कळेल. हवा आत येते त्या बाजूला बारीक जाळी लावा आणि महिन्यातून दोनदा ती झटका. भिवंडीत या कामाला पर्याय नाही, मग आत पाणी असो वा नसो.

साफसफाईनंतरचा उपाय याहून स्वस्त, म्हणजे फुकट आहे. एमएसआय आफ्टरबर्नरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट नावाची एक पट्टी असते. ती १०० वरून ८० वर आणा. १७० वॅटचं कार्ड १३६ वर येईल. वेग मात्र बहुतेक कार्डांत त्या प्रमाणात घटत नाही, कारण शेवटच्या थोड्या वेगासाठी कार्ड भरमसाट वीज जाळत असतं. थोडा अभ्यास करून अंडरव्होल्ट केलंत, तर आणखी चांगलं. आणि सगळ्या उपायांत एवढा एकच उपाय असा आहे, जो कार्डही थंड करतो, खोलीही आणि बिलही. पाहुण्यांपैकी एक अर्धा-मुर्धा का होईना घरी जातो! तरीही हा उपाय कुणी मिरवत नाही, कारण त्यात चमकणारं काही नाही.

छोट्या कॅबिनेटवाल्यांसाठी आणखी एक मधली वाट आहे. कार्डावरचं प्लॅस्टिकचं कवच आणि छोटे पंखे काढून हीटसिंकला खालून १२० मिलिमीटरचे दोन साधे पंखे लावायचे. मोठा पंखा हळू फिरूनही तेवढीच हवा देतो, म्हणून आवाज पडतो. एनआर२०० वापरणाऱ्यांत हा उद्योग चांगलाच रुळला आहे. मात्र कवच काढायच्या आधी वॉरंटीचे नियम वाचा. बऱ्याच कार्डांच्या स्क्रूवर बारीक स्टिकर असतो. वॉरंटी बाकी असेल, तर स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा. घरच्यांनी हप्त्यावर घेऊन दिलेल्या कार्डाची वॉरंटी म्हणजे त्यांच्या पैशांचा विमा आहे, त्यावर आपला एकट्याचा हक्क नाही.

हे सगळं करून झालं, कार्ड वॉरंटीबाहेर आहे आणि हात शिवशिवतायतच, तर मग खुशाल करा. पण करायचं तर कार्डालाच करा. इथे मला बाजाराचं नवल वाटतं. दुकानात लिक्विड कूलर मागितला, की जो डबा पुढे येतो तो प्रोसेसरचा. रायझन ५ ५६०० सारखा प्रोसेसर ६५ वॅटच्या वर्गातला, त्याच्या डोक्यावर दोन पंख्यांचा रेडिएटर आणि नळ्यांचा थाट, आणि शेजारी दुप्पट-तिप्पट तापणारं कार्ड आपल्या छोट्या पंख्यांवर धापा टाकतंय! छोट्या कॅबिनेटमध्ये रेडिएटरला जागा एकच मिळते. ती कार्डाला द्या, प्रोसेसरला साधा टॉवर कूलर पुरतो. कार्डाला पाणी ही काही नवी गोष्ट नाही. एएमडीने २०१५ मध्ये आर९ फ्युरी एक्स हे कार्ड कारखान्यातूनच १२० मिलिमीटरच्या रेडिएटरसह विकलं होतं, तेही २७५ वॅटचं. पुढे एनझेडएक्सटी कंपनीने जी१२ नावाची पट्टी काढली, तिच्या मदतीने प्रोसेसरचा तयार कूलर कार्डावर बसवता यायचा.

या पट्टीवाल्या मार्गात नवशिके हमखास फसतात, म्हणून इथे थोडं थांबतो. तयार कूलरचा गोल ब्लॉक फक्त मधल्या चिपवर बसतो. पण कार्डावर तापणारी ती एकटीच नसते. तिच्याभोवती मेमरीच्या चिप असतात आणि एका बाजूला वीज पुरवणारे भाग, ज्यांना व्हीआरएम म्हणतात. मूळ हीटसिंक या सगळ्यांना पॅडमधून टेकलेला होता. तो काढला की हे उघडे पडतात. स्क्रीनवर चिपचं तापमान ५८ दिसतं, आपण फोटो काढून मित्रांना पाठवतो आणि त्याच वेळी मेमरी शंभरी गाठत असते. म्हणून त्यांच्यावर छोटे हीटसिंक चिकटवा आणि त्यांच्यावर एक पंखा रोखून ठेवाच. कस्टम लूपमध्ये पूर्ण कार्ड झाकणारा ब्लॉक मिळतो, त्यात ही भानगड नाही. पण तो नेमका तुमच्याच कार्डाच्या बोर्डासाठी बनलेला असावा लागतो. एकाच नावाच्या कार्डाचे वेगवेगळ्या कंपन्यांचे बोर्ड वेगळे असतात. बॉक्सवरचं नाव बघून ब्लॉक मागवू नका, मॉडेल नंबर जुळवा. पॅडची जाडीही तशीच. एक मिलिमीटरच्या जागी दीड घातला, तर चिप आणि ब्लॉक यांच्यात फट राहते.

पैशाचं बोलायचं तर ब्लॉक, पंप, टाकी, रेडिएटर, नळ्या आणि फिटिंग मिळून होणारा खर्च सेकंडहँड ३०६० च्या किमतीपुढे सहज जातो. तेवढ्यात वरचं कार्ड येत असेल, तर ते घ्या, हे कुणीतरी तुम्हाला स्पष्ट सांगायला हवं. सेकंडहँड घेतानाही सावध. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि दिवसरात्र राबलेली कार्डं जगभर बाजारात उतरली. त्यातलं एखादं फिरत फिरत आपल्या हातात येऊ शकतं. अशा कार्डाला पाण्याआधी नवी पेस्ट आणि नवे पॅड लागतात. आणि गंमत बघा, माणकोली-दापोड्याची गोदामं माल भरून शहराच्या उशाशी उभी आहेत, पण एक फिटिंग हातात घेऊन बघायची म्हटली, तर आपल्याला कल्याण किंवा ठाण्याला जाऊन लोकल पकडावी लागते आणि लॅमिंग्टन रोड गाठावा लागतो. जाच मात्र एकदा. तिथे फिटिंगला 'जी वन बाय फोर' म्हणतात, तेवढं लक्षात ठेवा.

इथे कॉलेजांकडेही एक मागणी आहे. आयटी आणि कॉम्प्युटर सायन्सच्या मुलांनी तीन वर्षांत किती वेळा कॅबिनेट उघडलेलं असतं? लॅबमधल्या मशीनला हात लावायचा नाही, ही पाटी समजू शकतो. पण भंगारात निघालेली चार कार्डं, एक जुना पंप आणि एक टेबल ठेवायला काय जातं? मेलेल्या कार्डावर ब्लॉक बसवताना चूक झाली, तर कुणाचं काही बिघडत नाही. आज पहिली चूक घरातल्या एकुलत्या एका कार्डावर होते, सेमिस्टरच्या प्रोजेक्टसह. ज्या गावात पोरं बापाच्या शेजारी उभं राहून माग दुरुस्त करायला शिकली, त्या गावात यंत्र उघडण्याची भीती वाटावी, हे काही पटत नाही.

पाण्याबद्दल मात्र माग आणि कार्ड यांचा नियम उलटा. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून कारखान्यात ओलावा हवाच असतो. कार्डाला तो चालत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे त्याहून थंड कुठल्याही वस्तूवर पाण्याचे थेंब जमणार. बर्फाच्या बादलीत नळी सोडून "तापमान वीस!" असं दाखवणाऱ्यांचे व्हिडिओ बघून कुणी जुलैत तसं करायला गेलं, तर लूप न गळताही मदरबोर्ड भिजेल. नळाचं पाणी घालू नका, बाटलीतलं मिनरलही नाही. डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात शेवाळ व गंज रोखणारं द्रव्य, नाहीतर तयार कूलंट. डिस्टिल्ड पाण्यातून वीज जात नाही म्हणून निर्धास्तही राहू नका, लूपमधल्या धातूंवरून फिरून आणि सांडल्यावर धुळीत मिसळून ते वीज वाहायला लागतं. ब्लॉक तांब्याचा असेल, तर रेडिएटर ॲल्युमिनियमचा घेऊ नका, दोन्ही एका पाण्यात आले की ॲल्युमिनियम कुरतडलं जातं. तयार कूलर लावत असाल, तर रेडिएटरचं वरचं टोक पंपाच्या वर राहील असं बसवा. हवेचा बुडबुडा सगळ्यात उंच जागी जाऊन बसतो. ती जागा पंपाची असली, तर तो कुरकुरत चालतो आणि लवकर मरतो.

कस्टम लूप भरून झाला, की लगेच मशीन सुरू करायचं नाही. मदरबोर्डाच्या आणि कार्डाच्या केबल काढून ठेवा, पॉवर सप्लायवर फक्त पंप चालवा आणि प्रत्येक सांध्याखाली पांढरा टिश्यू पेपर ठेवा. चोवीस तास. मधे मधे कॅबिनेट हलक्या हाताने तिरकं करा, म्हणजे अडकलेले बुडबुडे सुटतील. टाकीतली पातळी खाली गेली, तर पाणी वाढवा. दुसऱ्या दिवशी सगळे टिश्यू बोटांनी चाचपून बघा. एकजरी ओला लागला, तरी तो सांधा पुन्हा आवळायचा, नवा टिश्यू ठेवायचा आणि चोवीस तास पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.